विचारू की कुणाला तरी

मराठी माणसाला रस्ता सापडेनासा झाला की तो पहिल्यांदा गाडीची काच खाली करतो. नकाशा, फोन, पाट्या हे सगळं त्यानंतर. पानाची टपरी, एसटीचा थांबा, पारावरचे म्हातारे, शाळेतून परतणारं पोर, कुणीही चालतं. आणि ज्याला विचारलं तोही ‘मला ठाऊक नाही’ असं सहसा म्हणत नाही; दारी आलेल्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? तो एक हात लांब करतो, ‘हे काय, इथंच’ म्हणतो, आणि आपण पुढच्या माणसाला विचारायला मोकळे होतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. तिच्यात वेळ जातो खरा, पण मुक्कामी पोहोचेपर्यंत निम्म्या गावाला कळलेलं असतं की देशपांड्यांकडे आज कुणीतरी आलंय.

अशा मुलखातून आलेल्या माणसाच्या नशिबी, जिथे विचारायलाच बंदी आहे असा खेळ यावा, याची मला अजून गंमत वाटते. १९७६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हा खेळ सुरू झाला. रॉड, गेल आणि नील या तिघांच्या नावांचे तुकडे जोडून त्याला रोगेन म्हणायला लागले. मूळ खेळ पायी आणि चोवीस तासांचा. जंगलात ठिकठिकाणी भगव्या-पांढऱ्या कापडाचे तिकोनी कंदील टांगलेले असतात, प्रत्येकाला एक आकडा. नकाशा आणि होकायंत्र एवढ्याच भांडवलावर, आपल्याला सोयीच्या क्रमाने, जमतील तेवढे कंदील गाठायचे. आकड्यातला दहम स्थानचा अंक पाहून गुण कळतात : ५७ नंबरचे पन्नास, ९२ चे नव्वद. हाच खेळ सायकलवर बसूनही खेळतात, आणि आमची स्पर्धा तशी, सहा तासांची होती.

याचा शिस्तीचा चुलतभाऊ म्हणजे माउंटन बाइक ओरिएंटियरिंग. तिथे खुणा ठरलेल्या क्रमानेच गाठाव्या लागतात आणि सायकल शेवटपर्यंत सोबत ठेवावी लागते. चालवा, ढकला, नाहीतर खांद्यावर घ्या. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या जंगलात झाली आणि दुसरी २००४ साली आमच्या मेलबर्नच्या शेजारी, बॅलरॅटला. त्या खेळाच्या नकाशात मला एक गोष्ट फार आवडते. वाट सायकलला कितपत मानवेल, हे रेघेवरूनच कळतं. अखंड रेघ म्हणजे सुसाट जा. लांब तुकड्यांची म्हणजे जरा बेतानं. आखूड तुकड्यांची म्हणजे हाडं सांभाळा. नुसते ठिपके म्हणजे सायकलवरून उतरा. ही पद्धत आपल्या सार्वजनिक रस्त्यांना लावायची कुणी हिंमत केली, तर पावसाळ्यानंतरचा महाराष्ट्राचा नकाशा रांगोळीच्या कागदासारखा दिसेल.

एका सप्टेंबरात धाकटा मेहुणा साताऱ्याहून महिनाभरासाठी आमच्याकडे मेलबर्नला आला. (त्याच्याबरोबर निघालेले कंदी पेढे विमानतळाच्या पलीकडे येऊ शकले नाहीत, या देशाला परदेशी दुधाचा फार संशय.) भल्या पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलने चढून कासच्या दिशेला जायचं, आणि परत येऊन नऊच्या ठोक्याला दुकान उघडायचं, हा त्याचा शिरस्ता. दुकान शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं. त्याच्या मांड्या आणि माझं नकाशावाचन अशी जोडी स्पर्धेत उतरवायची कल्पना माझ्या बायकोची. दोघंही एका रविवारी घराबाहेर राहतील, हा तिचा मुख्य हेतू असावा. वयोगटाने मात्र घोटाळा केला. चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा गट असतो, पण त्यात जायचं तर जोडीतल्या प्रत्येकाने चाळिशी ओलांडलेली हवी. मेहुणा छत्तीसचा. त्यामुळे मी जवानांच्या खुल्या गटात जाऊन पडलो.

स्पर्धा क्रेस्विक आणि डेल्सफर्ड यांच्या मधल्या जंगलात होती. सुरुवातीला संयोजकांनी, इथल्या रीतीप्रमाणे, या भूमीच्या मूळ रहिवाशांना, जा जा वुरुंग लोकांना, वंदन केलं. मेहुणा हात जोडून उभा राहिला. नंतर हळूच म्हणाला, “दाजी, त्यांच्यातलं कुणी असेल तर विचारू की. त्यांना सगळं माहीत असणार.” आमच्या जोडीचं भांडण एवढ्या लवकर सुरू होईल असं मला वाटलं नव्हतं.

मी त्याला नियम सांगितले. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. दुसऱ्या जोडीच्या मागे मुद्दाम जायचं नाही. दोघांनी सतत एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात राहायचं. उपग्रहाने वाट दाखवणारं कुठलंही यंत्र चालणार नाही. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड चिकटवून देतात. जिवावर बेतलं तरच फोडायची. संकटात शिट्टी वाजवायची, तीन वेळा. उशीर झाला तर मिनिटाला दहा गुण वजा, आणि अर्ध्या तासाच्या वर गेलात तर तुम्ही खेळलातच नाही असं समजायचं.

“म्हणजे फोन आहे पण बघायचा नाही, माणसं आहेत पण बोलायचं नाही,” मेहुणा म्हणाला. “महाराजांच्या वेळी तरी कुठं नकाशे होते? पण अडलं का काही?”

“तेव्हा बहिर्जी नाईक होते.”

“तेच म्हणतोय मी. ते विचारूनच यायचे.”

नकाशा सुटायच्या तासभर आधी हातात देतात. मग सगळीकडे जमिनीवर सतरंज्या, ताडपत्र्या पसरतात, टाचण्या निघतात, रंगीत पेनं निघतात. कंदिलांच्या जागी टाचण्या टोचायच्या, त्यांच्याभोवती दोरा फिरवायचा, दोरा पट्टीवर मोजायचा. नकाशा १:२५,००० चा, म्हणजे चार सेंटिमीटरचा एक किलोमीटर. दोरा नेहमी लांब भरतो. मग कुठली तरी टाचणी काढायची आणि तिच्यावरून जोडीत वाद घालायचा. जी जोडपी या खेळात वर्षानुवर्षं आहेत ती यावेळी अजिबात बोलत नाहीत. बाई टाचणी काढते, बुवा दोरा आवळतो. आमचं तसं नव्हतं. मेहुण्याला नव्वद गुणांचे सगळे कंदील हवे होते, आणि ते त्यांच्या स्वभावाप्रमाणे नकाशाच्या चार कोपऱ्यांत जाऊन बसले होते.

“दाजी, तुम्ही फक्त कुठं जायचं ते सांगा. पाय मारायचं माझ्यावर सोडा.”

हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण या खेळातली सगळी हानी त्याच वाक्याने होते. पायी चुकणारा माणूस मिनिटाला शंभर मीटर चुकतो. सायकलवाला, त्यात उतार असला, तर तेवढ्याच वेळात अर्धा किलोमीटर चुकू शकतो, आणि तो मजेत चुकतो. वारा कानांत असतो, चेहऱ्यावर हसू असतं. परत चढायची वेळ आली की मग हसू जातं. म्हणून या खेळात मुरलेली माणसं फाट्यावर आली की ब्रेक लावतात. धट्टीकट्टी पोरं घामाघूम होऊन त्यांच्या शेजारून निघून जातात, आणि वीस मिनिटांनी समोरून परत येतात.

निघाल्यावर मेहुण्याचा पहिला भरवसा सूर्यावर. साताऱ्यात वर्षातले मोजके आठवडे सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. सावली पडते ती उत्तरेला. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, ते त्याच्या अंगात आहे. क्रेस्विकला मात्र भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो आणि त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून डावीकडे चालतो. मेहुणा ऊन पाहून छातीठोकपणे हात दाखवत होता आणि प्रत्येक वेळी हात बरोबर उलट्या दिशेला जात होता. इतक्या सातत्याने चुकणाऱ्या माणसाचा खरं तर उपयोग करून घेता येतो; तो सांगेल त्याच्याकडे पाठ केली की झालं.

मग त्याने खिशातून होकायंत्र काढलं. साताऱ्याहून आणलेलं, पितळी डबीतलं. तेही बिथरलं. पृथ्वीचं चुंबकत्व नुसतं उत्तर-दक्षिण ओढत नाही, वर-खालीही ओढतं. आणि ही ओढ जागोजाग निराळी असते. त्यामुळे उत्तर गोलार्धासाठी केलेल्या होकायंत्राची सुई तिकडच्या ओढीचा हिशोब करून तोललेली असते. इथे आल्यावर तिचं दक्षिणेचं टोक खाली वाकतं, डबीच्या तळाला घासतं आणि अडून बसतं. मेहुण्याने डबीला दोन टिचक्या मारल्या. सुई जागची हलली नाही. ऊन फितूर, सुई फितूर. त्याने जंगलाकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली.

झाडांनी त्याला जरा धीर दिला. नीलगिरी त्याला लगेच ओळखू आली. वॉटल फुललं होतं, सगळी उतरण पिवळी झाली होती. वॉटल बाभळीच्याच कुळातलं, पण इथल्याला सहसा काटे नसतात. “ही तर आपल्या वनखात्याची झाडं,” तो म्हणाला. “यांनी आपल्याकडनं आणली वाटतं.” मी म्हटलं, उलटं आहे, आपल्या वनखात्याने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि नीलगिरी इथून तिकडे आली. त्याने ते मानलं नाही. नीलगिरीच्या लोंबत्या सालीची एक पट्टी मागच्या चाकाच्या गिअरमध्ये गुंतली, ती सोडवताना म्हणाला, “कुठलीही असूदे, लावणाऱ्याला सायकल येत नव्हती.”

पुढचा तास-दीड तास मी सांगत होतो आणि तो पळवत होता. कंदील मिळत गेले. प्रत्येक कंदिलापाशी मनगटाच्या पट्ट्यातली छोटी कांडी यंत्राला लावायची, ते चिवचिवतं, की गुण जमा. पट्टा असा बांधतात की शर्यत संपेपर्यंत काढता येत नाही. एकाने दोघांच्या कांड्या घेऊन पळू नये म्हणून. पहिल्या-दुसऱ्या कंदिलापाशी मेहुण्याने टाळी मागितली. नंतर नंतर नुसती मान हलवू लागला. जंगलात एकही माणूस दिसत नव्हता, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला दम लागलेला नाही, त्याला करमत नाही.

मग आला ९२. आम्ही उभे होतो त्या डोंगरसोंडेपासून तो सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटर; पण मध्ये तीन घळी. नकाशावर समान उंचीच्या तपकिरी रेघा अशा दाटल्या होत्या की तिकडे पाहूनच पोटऱ्या दुखाव्यात. सुखाचा मार्ग म्हणजे मागे फिरून गाडीरस्त्याने मोठा वळसा. मी घड्याळाकडे पाहत तो वळसा मोजत होतो. मेहुण्याने पहिल्यांदाच हॅण्डलवरच्या पाटीकडे मान वळवून नकाशा नीट पाहिला. त्याने बोट ठेवलं ते एका बारीक, वेडीवाकडी वळणं घेत जाणाऱ्या काळ्या रेघेवर.

“दाजी, ही रेघ ह्या तपकिरी रेघेला सोडतच नाही. ती आत गेली की ही आत, ती बाहेर आली की ही बाहेर.”

“मग?”

“मग काय? पाट आहे हा. आमच्याकडं खोडशीच्या बंधाऱ्यावरनं कृष्णेचा कालवा निघतो, तो असाच जातो, टेकडी धरून. पाणी काय खुळं आहे का चढ चढायला?”

पाटच होता तो. १८५१ साली व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं इथे लोटली. इंग्लंड-आयर्लंडहून आली, चीनमधून तर हजारोंनी आली. वरवरचं सोनं वेचून संपल्यावर उरलेलं मातीत होतं, आणि माती धुवायला पाणी हवं. पाणी होतं वरच्या ओढ्यांत आणि माती होती खालच्या उतारांवर. मग त्यांनी कुदळ-फावड्यांनी डोंगराच्या कडेकडेने किलोमीटरच्या किलोमीटर पाट खणले, पाणी जेमतेम सरकेल एवढाच उतार देत. सोनं संपलं, माणसं पांगली, पाट कोरडे पडले आणि त्यांचे बांध राहिले. बॅलरॅटजवळच्या बनिनयाँगपासून बेंडिगोपर्यंत जाणारी २१० किलोमीटरची गोल्डफील्ड्स ट्रॅक नावाची वाट आहे, तीही कुठे कुठे अशा पाटांच्या काठाने जाते.

त्या बांधावरून सायकल चालवणं हे मला आयुष्यात कष्टाविना मिळालेल्या फार थोड्या सुखांपैकी एक आहे. खाली घळ, वर घळ, आणि मधून आपण सपाटीवर चाललेलो. मेहुणा पुढे, आणि गिअर न बदलता. डाव्या हाताला खाणींतून उपसलेल्या मुरमाचे ढीग, दीड शतकात त्यांच्यावर झाडं उगवलेली. एकदोन ठिकाणी उघड्या खाणीच्या तोंडाशी पाटी. तो मधूनच ओरडून माहिती देत होता : इथं बांध फुटला असणार, इथं त्यांनी दगडी भिंत घातलीय, इथं मोरी होती. हाकेच्या टप्प्यात राहण्याचा नियम इतक्या मनापासून दुसऱ्या कुणी पाळला नसेल. नकाशा माझ्याही हॅण्डलवर होता, पण मला त्यात वाट दिसत होती आणि त्याला पाणी दिसत होतं. ९२ चा कंदील पाटाच्या बांधापासून दहा पावलांवर लोंबत होता. तीन घळींचा मला घामसुद्धा आला नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

परतीला मॅगपाय आला. हा काळा-पांढरा पक्षी, आपल्या साध्या कावळ्याएवढा, वर्षभर सभ्य असतो आणि गातोही फार गोड. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यातले काही थोडे नर घरट्याजवळून जाणाऱ्यावर मागून झेप घालतात. सायकलवाल्यांवर त्यांचा विशेष राग. म्हणून इथले लोक हेल्मेटला केबल टाय बांधतात आणि त्यांची टोकं वर काट्यांसारखी उभी ठेवतात. त्याचा पुष्कळसा उपयोग मानसिक असावा. मेहुण्याने सकाळी ते बांधायला नकार दिला होता; म्हणाला, फोटो सासुरवाडीला जाणार. आता त्याच्या हेल्मेटवर तीन वेळा टकटक झाली आणि तो हॅण्डलवर आडवा होऊन “अरे ओळख ना पाळख!” असं ओरडत उतारावरून सुटला. मॅगपाय माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचं परतीचं तिकीट काढलेलं होतं.

उतार संपला तिथे, गाडीरस्त्याला लागता लागता, एक म्हातारा उभा होता. पायांत गमबूट, हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला काही नाही. आमच्याकडे बावीस मिनिटं होती आणि मुक्काम पंधरा मिनिटांवर होता. मी मागून ओरडलो, “थांबू नकोस!” पण त्याने आधीच एक पाय जमिनीवर टेकला होता. सहा तासांत दिसलेला, शर्यतीत नसलेला हा पहिला माणूस.

आणि त्या माणसाने आम्हालाच विचारलं. लाल-करडा कुत्रा, मध्यम उंचीचा, कांगारूच्या मागे धावला तो परत आला नाही. तुम्हाला दिसला का?

मेहुण्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शब्दांत मांडणार नाही. त्याचं इंग्रजी दुकानातलं आहे, पण ते थांबत नाही. कुत्रा त्याने पाहिला होता, मोठ्या पाइनपाशी, पाटाच्या वळणावर. त्याने हात लांब केला. असंच सरळ जा, जळकं झाड लागेल, तिथून डावीकडे, मुरमाचा ढीग उजव्या हाताला ठेवायचा, मग पाट, मग त्याच्या काठाने. म्हाताऱ्याने पाटाचं नाव ऐकल्यावर विचारलं, तुला कसा माहीत? मग मेहुण्याने सांगितलं. मग म्हाताऱ्याने सांगितलं. तो इथेच वाढलेला, लहानपणी त्या पाटात पावसाचं पाणी साचलं की बेडकं धरायला जायचा. बांधावरची दगडी भिंत कुणी घातली यावर दोघांचं थोडं दुमत झालं. मी घड्याळ पुढे केलं, खोकलो, सायकलची घंटी वाजवली. शिट्टी वाजवायचाही विचार मनात आला, पण संकट नेमकं कुणावर आलंय हे सांगता आलं नसतं.

आम्ही तीन मिनिटं उशिरा पोहोचलो. तीस गुण.

संयोजकांच्या टेबलामागे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. वाटेत बाहेरच्या माणसाशी बोललो हे सांगणं मला रास्त वाटलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि गंभीरपणे विचारलं, “त्यांनी तुम्हाला वाट सांगितली का?”

“नाही,” मेहुणा म्हणाला. “आम्ही त्यांना सांगितली.”

त्या थोडा वेळ विचारात पडल्या. मदत घेऊ नये असं नियमात आहे; देण्याबद्दल त्यांना काही आठवेना. आमचे बाकीचे गुण कायम राहिले.

नंतर तंबूत गरम सूप होतं, पाव होता, आणि एक मोठा चमत्कार होता. सहा तास ज्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं ती शंभरएक माणसं आता एकमेकांना नकाशे दाखवून विचारत होती : तुम्ही ६४ ला कुठून गेलात? ती घळ कशी होती? तिथं चिखल होता का? मला नेहमी वाटतं की या खेळाचा खरा भाग हा आहे, आणि आधीचे सहा तास नुसते विषय गोळा करायला असतात. मेहुणा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. पासष्टीपुढच्या गटातल्या एका जोडप्याने आमच्याहून दोनशेच्या वर गुण जास्त मिळवले होते. त्याने त्यांना सायकलीची किंमत विचारली, गुडघ्यांचं विचारलं, मुलं कुठे असतात ते विचारलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि त्याला ९२ चं विचारलं. ती दोघं वळशाने गेली होती. पाटाचं ऐकल्यावर बाईंनी नकाशा पुन्हा काढला, आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोरा कुणी धरला होता ते मला कळलं.

शेवटी तो सुपाचा वाडगा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. हे त्याच्यात नसलेलं लक्षण. नकाशावरच्या त्या बारीक रेघेवर त्याचं बोट परत परत फिरत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“दमलास?”

“छे. हिशोब करतोय.” त्याने पाव बुडवून खाल्ला. “एवढ्या लांब पाणी नेलं बघा, दाजी. पाइप नाही, पंप नाही, विजेचं बिल नाही. नुसता उतार.”

“हं.”

“बरं झालं, त्यांच्यातलं कुणी साताऱ्याला आलं नाही,” तो म्हणाला. “आमचं दुकानच चाललं नसतं.”